भावाची वही कोणाच्या हाती?

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूरच्या बाजार समितीत गुळाचे सौदे मुहूर्तावर निघतात. पहिल्या रव्यांना चढा भाव पुकारला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच आकडा वृत्तपत्रांत ठळकपणे छापून येतो. गुऱ्हाळ चालविणाऱ्या शेतकऱ्याला मात्र हे पक्के ठाऊक असते की, मुहूर्ताच्या भावावर वर्षाचा प्रपंच चालत नसतो. त्याचा बहुतेक गूळ पुढच्या चार महिन्यांत बाजारात येणार असतो. तेव्हा भाव चढतील, पडतील, पुन्हा सावरतील आणि अखेर त्याच्या पदरात पडेल ती सबंध हंगामाची सरासरी. एका दिवसाचा भाव आणि भावाने हंगामभर केलेली वाटचाल, या दोन गोष्टी भिन्न आहेत. हे साधे ग्रामीण शहाणपण जगाच्या वित्तबाजाराने गेल्या पन्नास वर्षांत गणिती रूपात मांडले आणि त्यातून करारांची एक स्वतंत्र जात निर्माण केली. या करारांत अखेरच्या दिवशी भाव काय होता एवढ्यावर देणे-घेणे ठरत नाही. भाव कोणत्या वाटेने तेथवर आला यावर ते ठरते.

मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर नाहीतर लंडन-न्यूयॉर्कमध्ये चालणाऱ्या या व्यवहारांशी पंचगंगेच्या खोऱ्यातील ऊस उत्पादकाचा काय संबंध, असा प्रश्न कार्यकर्त्यांच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. परंतु संबंध आहे, आणि तो वरवरचा नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील प्रत्येक ऊस उत्पादकाच्या हाती कायद्याने असाच एक करार आज दिलेला आहे. त्याला ते नाव कोणी दिले नाही, म्हणून त्याची किंमत कोणी मोजली नाही. आणि किंमत मोजली नाही, म्हणून तो करार राबविण्याची जबाबदारीही कोणी स्वीकारली नाही.

प्रथम या करारांचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. डेरिव्हेटिव्ह म्हणजे स्वतःचे मूल्य नसलेला, दुसऱ्या कशाच्या तरी भावावर पोसलेला करार. वायदा हा त्याचा परिचित प्रकार. दुसरा प्रकार ऑप्शनचा. त्यात एक पक्ष आरंभी काही रक्कम मोजून एक हक्क विकत घेतो. भाव अनुकूल झाला तर हक्क बजावतो, प्रतिकूल झाला तर सोडून देतो. आपल्या बाजारपेठांना हा प्रकार नवा नाही. ‘तेजी-मंदी’ या नावाने असे सौदे पूर्वापार होत असत आणि १९५२ च्या वायदे करार कायद्याने शेतमालातील असे सौदे बेकायदा ठरविले होते. तो कायदा रद्द झाल्यानंतर, २०१७ पासून सेबीच्या देखरेखीखाली वस्तूंचे ऑप्शन पुन्हा सुरू झाले.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका हंगामाच्या सहा महिन्यांत साखरेचे क्विंटलचे भाव अनुक्रमे ३४००, ३५००, ३३००, ३९००, ३७०० आणि ३८०० रुपये असे राहिले. चौघांनी ३५०० रुपयांच्या वरची वाढ मिळण्याचा हक्क घेतलेला आहे. पहिल्याचा करार साधा आहे. अखेरचा भाव ३८००, म्हणून त्याला ३०० रुपये मिळतात. दुसऱ्याचा करार सरासरीवर आहे; सहा महिन्यांची सरासरी ३६००, म्हणून त्याला १०० रुपये मिळतात. तिसऱ्याचा करार मागे वळून पाहणारा आहे आणि त्यात हंगामातील सर्वोच्च भाव धरला जातो. त्याला ४०० रुपये मिळतात. चौथ्याच्या करारात मात्र एक अट आहे. भाव एकदा जरी ३३०० ला शिवला तरी करार संपुष्टात यायचा. तिसऱ्या महिन्यात भाव तेथे शिवला, म्हणून चौथ्याला काहीही मिळत नाही, मग पुढे भाव कितीही चढो. साखर तीच, हंगाम तोच, भावही तेच. पण चौघांच्या पदरात चार वेगवेगळी फळे पडली. फरक पडला तो एवढ्याच गोष्टीने, की भावाच्या इतिहासातील कोणते पान मोजायचे हे प्रत्येक करारात वेगळे लिहिले होते.

यांपैकी सरासरीच्या कराराला वित्तशास्त्रात ‘आशियाई’ असे नाव पडले आहे. त्याचे कारण मोठे तात्त्विक नाही. १९८७ मध्ये बँकर्स ट्रस्ट या अमेरिकी बँकेच्या दोन कर्मचाऱ्यांनी कच्च्या तेलाच्या सरासरी भावावरील अशा कराराचे मोल काढण्याचे सूत्र बसविले, तेव्हा ते टोकियोत होते, एवढेच. या कराराचे दोन गुण विशेष लक्षात घेण्यासारखे आहेत. पहिला गुण असा की, सरासरी ही एकेका दिवसाच्या भावापेक्षा कमी हेलकावे खाते, म्हणून हे संरक्षण साध्या करारापेक्षा स्वस्त पडते. दुसरा गुण त्याहून महत्त्वाचा. ज्या करारात अखेरच्या एका दिवसाचा भाव निर्णायक असतो, तेथे बड्या व्यापाऱ्याने त्या एका दिवशी बाजार वाकविला की काम झाले. एकशे ऐंशी दिवसांच्या सरासरीत मात्र एका दिवशी भाव १८० रुपयांनी हलविला तरी सरासरी एका रुपयानेच हलते. म्हणजे सरासरी ही दुर्बळाची ढाल आहे. जो रोज बाजारात माल विकतो, ज्याला भाव वाकविण्याचे बळ नाही, त्याच्या हिताशी ती जुळते.

उंबरठ्याच्या कराराची गोष्ट नेमकी उलटी आहे. त्याचा धडा भारताने २००७-०८ साली घेतला, आणि तोही एका साखर कंपनीच्या निमित्ताने. त्या काळात अनेक बँकांनी देशातील निर्यातदार व मध्यम उद्योगांना परकीय चलनाचे गुंतागुंतीचे करार विकले. तमिळनाडूतील तिरुपूरच्या कापड निर्यातदारांत त्यांचा बराच प्रसार झाला. ज्यांचा व्यवहार डॉलर आणि रुपयांत होता, अशांच्या गळ्यात डॉलर आणि स्विस फ्रँक यांच्या परस्पर दराचे करार बांधले गेले. त्यांची रचना मोहक होती. फ्रँकचा दर ठराविक पट्ट्यात राहिला तर ग्राहकाला आयती रक्कम मिळायची; दर एकदा जरी उंबरठ्याला शिवला तर ग्राहकावर मोठे बंधन जागे व्हायचे. २००७ च्या मध्यावर एका डॉलरला सुमारे १.२३ फ्रँक पडत होते. त्यापूर्वीची काही वर्षे पाहता तो दर फार खाली जाईल असे कोणाला वाटत नव्हते. मार्च २००८ मध्ये डॉलर एका फ्रँकच्याही खाली घसरला आणि ठिकठिकाणी उंबरठे ओलांडले गेले. पुढे नोव्हेंबर २००८ पर्यंत तोच डॉलर पुन्हा १.२० च्या आसपास येऊन पोहोचला! आरंभ आणि शेवट पाहिला तर जणू काही घडलेच नाही. परंतु ज्यांच्या करारात वाटेवरचा उंबरठा लिहिलेला होता, त्यांना भाव परत फिरल्याचा दिलासा उरला नाही.

कोइमतूरच्या राजश्री शुगर्स या कंपनीने अशा एका करारावरून ॲक्सिस बँकेशी मद्रास उच्च न्यायालयात दावा लढविला. हा करार म्हणजे जुगार आहे, म्हणून १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० नुसार तो निरर्थक ठरावा, असे कंपनीचे म्हणणे होते. ऑक्टोबर २००८ मध्ये न्या. व्ही. रामसुब्रमणियन यांनी ते अमान्य केले. हा जुगार नव्हे आणि सार्वजनिक धोरणाच्या विरुद्धही नव्हे, असा निर्णय दिला. २००६ मध्येच रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती करून अशा करारांना वैधता देण्यात आली होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. ग्राहकाला पेलेल असाच करार त्याला विकावा, ही मार्गदर्शक तत्त्वे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २००७ मध्ये घालून दिली होती. त्यांच्या आणि तत्सम नियमांच्या उल्लंघनाबद्दल एप्रिल २०११ मध्ये १९ बँकांना दंड झाला. दंडाची रक्कम किती? प्रत्येकी ५ ते १५ लाख रुपये. ज्या व्यवहारांनी उद्योगच्या उद्योग हादरले, त्यांबद्दलची ही शिक्षा म्हणजे नियमनाचे विडंबनच म्हणावे लागेल.

या प्रकरणातून डाव्या चळवळीने सामान्यतः एकच निष्कर्ष काढला: हे सारे सट्टेबाजीचे विष आहे, त्यापासून दूर राहावे. हा निष्कर्ष भावनेला पटणारा असला तरी अपुरा आहे. मटक्याचा आकडा लावणारा माणूस नसलेला धोका पैसे देऊन अंगावर घेतो. शेतकऱ्याची स्थिती तशी नाही. अठरा महिन्यांचा आडसाली ऊस उभा करणाऱ्याने धोका आधीच पत्करलेला असतो. साखरेचा भाव पुढे काय होईल यावर त्याचे वर्ष अवलंबून असते, त्याची इच्छा असो वा नसो. अशा माणसाचा धोका दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर टाकणारा करार आणि त्याच्या खांद्यावर नवा धोका लादणारा करार, या दोहोंना ‘सट्टा’ या एकाच शब्दात कोंबणे म्हणजे औषध आणि विष एकाच बाटलीत भरण्यासारखे आहे.

आता कोल्हापूरकडे वळू. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार केंद्र सरकार उसाचा किमान दर ठरविते. २००९ पर्यंत त्याला वैधानिक किमान दर म्हणत; त्यानंतर रास्त व किफायतशीर दर, म्हणजेच एफआरपी, हा शब्द आला. तोडलेला ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे न दिल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे लागते, हेही त्याच आदेशात आहे. किमान दराच्या वर शेतकऱ्याचा साखरेच्या उत्पन्नात वाटा असावा, हे तत्त्व भार्गव आयोगाच्या शिफारशीवरून १९७४ मध्ये कलम ५अ च्या रूपाने आदेशात आले होते. ते कलम २००९ मध्ये वगळण्यात आले. पुढे २०१२ मध्ये रंगराजन समितीने तेच तत्त्व नव्या सूत्रात मांडले. साखर आणि बगॅस, मळी, प्रेसमड ही प्राथमिक उपउत्पादने यांच्या मूल्याच्या ७० टक्के, किंवा केवळ साखरेच्या मूल्याच्या ७५ टक्के वाटा उत्पादकाला मिळावा, आणि तो एफआरपीपेक्षा जास्त असेल तर फरक नंतर द्यावा, असे ते सूत्र. महाराष्ट्राने २०१३ मध्ये कायदा करून ते स्वीकारले आणि त्यासाठी ऊस दर नियंत्रण मंडळ स्थापन केले.

हे सूत्र वित्तशास्त्राच्या भाषेत वाचले की त्याचे खरे रूप दिसते. खाली एक पक्का तळ, आणि त्याच्या वर कारखान्याने वर्षभरात विकलेल्या साखरेच्या सरासरी भावावरील हक्क! टोकियोत १९८७ साली ज्याचे मोल काढण्यात आले, त्याच जातीचा हा करार आहे. तळाची मोजणीही इतिहासावरच चालते. कारण महाराष्ट्रात हंगामाच्या आरंभी दर ठरविताना कारखान्याचा मागील हंगामातील उतारा धरण्याची रीत राहिली आहे. करवीर, कागल, शिरोळ, हातकणंगले, राधानगरीच्या शेतकऱ्याने या करारासाठी वेगळी रक्कम मोजलेली नाही. तो त्याला कायद्याने, म्हणजेच दीर्घ आंदोलनांच्या पुण्याईने मिळालेला आहे.

मग हा हक्क फळतो का? आकडे पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३५५० रुपये आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३४.६० रुपये असा दर केंद्राने ठरविला. १२ टक्के उतारा धरला तर ही रक्कम, तोडणी-वाहतूक वजा जाण्यापूर्वी, ४१५५ रुपये ५० पैसे होते. १२ टक्के उताऱ्याने एका टनातून १२० किलो साखर निघते. ती सरासरी ३६ रुपये किलोने विकली असे समजल्यास ४३२० रुपये येतात. त्याचे ७५ टक्के म्हणजे ३२४० रुपये. अर्थात वाट्याची रक्कम तळापेक्षा बरीच खाली राहते. या उताऱ्याला वाट्याचा हक्क जागा व्हायचा तर साखरेचा सरासरी भाव किलोला ४६ रुपयांच्या वर जावा लागेल.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात, आणि दोन्ही प्रामाणिकपणे मान्य केल्या पाहिजेत. पहिली कारखानदारांच्या बाजूची आहे. तळ बहुतेक दरवर्षी वर सरकतो आहे. २०१८-१९ मध्ये तो १० टक्के उताऱ्याला टनामागे २७५० रुपये होता. उलट साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ रुपये झाला आणि त्यानंतर एकामागून एक हंगाम तो तेथेच ठेवला गेला. वरच्या उदाहरणात साखरेच्या उत्पन्नाचे ९६ टक्के एकट्या एफआरपीत जातात. कारखाना सहकारी असेल तर हा बोजा शेवटी कर्जाच्या रूपाने सभासदांच्याच डोक्यावर येतो. एका खिशातील हमी दुसऱ्या खिशातून भागवावी, असा हा प्रकार होतो. दुसरी गोष्ट उत्पादकांच्या बाजूची आहे. कारखान्याचे उत्पन्न आता केवळ साखरेचे राहिलेले नाही. मळीपासून व रसापासून इथेनॉल होते, बगॅसपासून वीज होते. परंतु वाट्याचे सूत्र प्राथमिक उपउत्पादनांपाशीच थांबते. मळीचे मोल धरायचे, पण तिच्यापासून झालेल्या इथेनॉलचे नाही. बगॅसचे धरायचे, पण विजेचे नाही.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. इतिहासावर आधारलेल्या कोणत्याही करारात तीन गोष्टी निर्णायक असतात. कोणत्या वस्तूचा भाव मोजायचा, कोणत्या दिवसांचा मोजायचा, आणि तो कोणाच्या वहीतून वाचायचा. न्यूयॉर्कचा अत्यंत धूर्त व्यापारीसुद्धा ज्या कराराची भाव-नोंद विकणाऱ्याच्याच हाती आहे असा करार विकत घेणार नाही. तो प्रथम विचारील की भाव कोठे जाहीर होतो, कोण नोंदवितो, वाद झाला तर कोण निकाल देतो. कोल्हापूरच्या ऊस उत्पादकाच्या बाबतीत मात्र तिन्ही उत्तरे एकाच दाराशी जातात. साखर कोणत्या तारखेला, कोणत्या निविदेत, काय भावाने गेली हे कारखान्याच्या दप्तरात असते. उतारा कारखान्याच्या प्रयोगशाळेत ठरतो. मळी कारखान्याच्याच आसवनीकडे वर्ग होते तेव्हा तिचा भाव कारखानाच कारखान्याला सांगतो. ज्याने देणे द्यायचे त्यानेच देण्याचा इतिहास लिहायचा, अशी ही व्यवस्था आहे. सभासदाला त्याचे दर्शन होते ते वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अहवालात, सरासरीच्या एका ओळीत. आणि ती सभा ‘मंजूर, मंजूर’च्या घोषात संपते.

नोंदीची ही वही बंद असते म्हणून तिचा हिशेब रस्त्यावर होतो. २०२३ च्या शरदात स्वाभिमानी शेतकरी संघटनेने आदल्या, म्हणजे २०२२-२३ च्या हंगामात गेलेल्या उसाला टनामागे ४०० रुपये आणखी द्यावेत अशी मागणी केली. साखर आणि उपपदार्थांचे भाव चढले होते, कारखान्यांना त्याचा लाभ झाला होता, तो वाटा उत्पादकाला मिळावा, हे त्यामागचे तर्कशास्त्र. वित्तशास्त्राच्या दृष्टीने पाहता ही होऊन गेलेल्या भावाच्या वाटचालीवरील रीतसर मागणी होती. नोव्हेंबरमध्ये शिरोली येथे पुणे-बंगळूर महामार्ग रोखला गेला आणि त्यानंतर तडजोड झाली: ज्या कारखान्यांनी टनाला ३००० रुपयांपेक्षा कमी दिले त्यांनी १०० रुपये आणखी द्यावेत, ज्यांनी जास्त दिले त्यांनी ५० रुपये. मागितलेल्या ४०० आणि मिळालेल्या ५० ते १०० यांपैकी हिशेबाला धरून कोणता आकडा होता? दोन्ही नसतील. एक आंदोलनाच्या जोराने ठरला, दुसरा तडजोडीच्या गरजेने. वही उघडी असती तर आकडा वहीतून निघाला असता. महामार्ग रोखणे हा शेतकऱ्यांचा हक्क आहे. परंतु आपल्याच मालाचा सरासरी भाव कळावा म्हणून महामार्ग रोखावा लागणे ही कोणत्याही सुसंस्कृत व्यवस्थेला शोभणारी गोष्ट नव्हे.

दिवसांचा प्रश्न किती कळीचा असतो, हे दुसऱ्या एका प्रकरणाने दाखवून दिले. २१ फेब्रुवारी २०२२ रोजी महाराष्ट्र सरकारने निर्णय काढून एफआरपीचे दोन तुकडे केले. पुणे आणि नाशिक महसूल विभागांत पहिली उचल १० टक्के उताऱ्यावर द्यायची, इतरत्र ९.५ टक्क्यांवर, उरलेली रक्कम हंगाम संपून त्या वर्षीचा प्रत्यक्ष उतारा निश्चित झाल्यावर. वरवर पाहता मागील वर्षाऐवजी चालू वर्षाचा उतारा धरणे अधिक अचूक वाटते, आणि उतारा घसरलेल्या वर्षी जुन्या आकड्यावर पैसे देणे कारखान्यांना जड जाते हेही खरे. परंतु परिणाम पाहा. कोल्हापूर पुणे महसूल विभागात मोडते आणि येथील उतारा राज्यात अग्रगण्य असतो. २०२२-२३ च्या दराने १२ टक्के उताऱ्याच्या कारखान्यात टनामागे ६१० रुपये चौदा दिवसांऐवजी हंगामाअखेरीपर्यंत लांबले. पूर्ण झालेल्या इतिहासाच्या जागी अपूर्ण इतिहास ठेवला, आणि तो पूर्ण होईपर्यंत शेतकऱ्याच्या पैशावर कारखाना बिनव्याजी वावरू लागला. सोसायटीचे पीककर्ज मात्र तोवर थांबत नाही. राजू शेट्टी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये हा शासन निर्णय रद्द ठरविला. केंद्राच्या आदेशाने बांधलेली घडी राज्याला मोडता येत नाही, हा त्यातील कायद्याचा भाग झाला. अर्थशास्त्राचा भाग असा की, मोजणीचे दिवस बदलणे म्हणजे किंमत बदलणेच होय.

बाजारवादी मंडळी यावर एक सोपा उपाय सुचवितील. कारखान्यांनी आणि शेतकऱ्यांनी वायदेबाजारात जावे, सरासरीचे करार विकत घ्यावेत, सरकारने मध्ये पडू नये. त्यांना विचारले पाहिजे की या देशात शेतमालाच्या भावाचा इतिहास कोण घडवितो? साखरेचे वायदे मे २००९ मध्ये स्थगित झाले आणि डिसेंबर २०१० पर्यंत बंद राहिले. डिसेंबर २०२१ मध्ये गहू, हरभरा, सोयाबीन, मोहरी, मूग यांसह सात शेतमालांचे वायदे थांबविण्यात आले आणि ती बंदी पुनःपुन्हा वाढवून मार्च २०२६ पर्यंत नेण्यात आली. २०२२ मध्ये साखरेच्या निर्यातीवर निर्बंध आले. डिसेंबर २०२३ मध्ये रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंधन आले. भाव चढू लागला की सरकार छत खाली आणते, आणि तळाचा भार मात्र कारखान्यावर ढकलते. ज्याने छत बांधले त्यानेच तळालाही टेकू द्यावा, हा न्याय आहे. वाटा एफआरपीच्या खाली गेला तर फरक भरून काढणारा स्थिरता निधी असावा, अशी शिफारस कृषी खर्च व मूल्य आयोगाने यापूर्वी केलेली आहे. ग्राहकाला स्वस्त साखर देण्याचे श्रेय सरकारला हवे असेल, तर त्या स्वस्ताईचा खर्चही सरकारच्या खात्यावर पडला पाहिजे.

आपल्या छावणीतील मित्रांनीही एक गोष्ट विचारात घ्यावी. बंदी ही अनेकदा धोका नाहीसा करीत नाही, तो केवळ नजरेआड करते. वायदे बंद केल्याने सोयाबीनच्या शेतकऱ्याचा धोका संपला नाही. भावाचा एक जाहीर फलक तेवढा गेला. तेव्हा मागणी बंदीची असण्यापेक्षा जातीची पारख करण्याची असावी. उंबरठ्याचे करार, म्हणजे एका दिवसाच्या भावाने वर्षाची मेहनत बुडविणारे करार, कोणत्याही सहकारी संस्थेला करता येऊ नयेत. फ्रँकचा धडा कोल्हापूरच्या ओतकाम उद्योगाला, इचलकरंजीच्या यंत्रमागांना आणि साखर कारखान्यांना सारखाच लागू आहे. धोका पसरविणारे, सरासरीवर बेतलेले करार करायचेच असतील तर सर्वसाधारण सभेची मंजुरी, आरंभी मोजलेल्या रकमेचा जाहीर आकडा आणि संस्थेच्या प्रत्यक्ष मालाइतकीच मर्यादा, या तीन अटी अपरिहार्य मानाव्यात.

परंतु त्याही आधीचे काम कारखान्याच्या दारातच आहे. साखर विक्रीच्या प्रत्येक निविदेची तारीख, वजन आणि भाव आठवड्याच्या आठवड्याला फलकावर लागला पाहिजे आणि साखर आयुक्तालयाकडे नोंदला गेला पाहिजे. उताऱ्याची तपासणी कारखान्याच्या हाताखाली नसलेल्या प्रयोगशाळेने अधूनमधून केली पाहिजे. मळी व बगॅस स्वतःच्याच आसवनीकडे आणि वीजप्रकल्पाकडे ज्या भावाने जातात तो भाव बाहेरच्या बाजाराशी ताडून पाहिला पाहिजे. इथेनॉल आणि विजेचे उत्पन्न वाट्याच्या सूत्रात आणण्यासाठी २०१३ च्या कायद्यात दुरुस्ती मागितली पाहिजे. यांपैकी कोणत्याही मागणीला क्रांतीची वाट पाहावी लागत नाही. जिल्ह्यातील प्रत्येक कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत हे प्रश्न लेखी देता येतात, आणि लेखी प्रश्नाला लेखी उत्तर मागता येते. कार्यकर्त्यांनी त्यासाठी सूत्र पाठ करण्याची गरज नाही. बेरीज, भागाकार आणि अहवालाचे मागचे पान वाचण्याची चिकाटी एवढे भांडवल पुरेसे आहे.

सहकाराच्या आद्य प्रवर्तकांनी शेतकऱ्याला कारखान्याचे मालक केले. मालकीचा अर्थ मतपत्रिका आणि सवलतीची साखर एवढाच उरला असेल, तर ती मालकी नावापुरतीच राहिली म्हणायची. हंगामभर ज्याचा ऊस गव्हाणीत पडला, त्याला त्या हंगामाच्या भावाचा इतिहास वाचता आला पाहिजे. यंदा बॉयलर पेटण्यापूर्वी सभांच्या नोटिसा निघतील. त्या सभेत पहिला प्रश्न दर किती देणार हा विचारला जाईलच. दुसरा प्रश्न असा असावा: विक्रीची वही कोठे आहे, आणि ती सभासदासमोर कधी उघडणार?